ॲडमिन आणि संपादक : कंपन्यांच्या ग्राहक-समूहांची एक चिकित्सा

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी मोबाइलवर अंगठा दाबून एक छायाचित्र पुसून टाकले. छायाचित्र एका तरुण ऑपरेटरच्या हातांचे होते. बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल झालेली, मनगटापर्यंत बारीक पुरळ, दोन ठिकाणी चिरा. खाली त्याच्या मालकाने लिहिले होते : ‘आपले कूलंट वापरायला लागल्यापासून पोराच्या हाताला असे होतेय. आणखी कोणाला अनुभव आहे का?’

प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर देऊ शकतील अशी दोनशेच्या आसपास माणसे त्या व्हॉट्सॲप समूहात होती. समूह एका कूलंट विकणाऱ्या कंपनीचा होता आणि मी त्याचा ॲडमिन होतो. छायाचित्र पुसून मी त्या मालकाला खासगीत कळवले : ‘दादा, असले फोटो ग्रुपवर नकोत. कंपनीच्या साहेबांशी बोलून घेऊ.’ त्यांनी ‘बरं’ एवढेच उत्तर दिले आणि तासाभराने समूह सोडला.

कंपनीचे नाव येथे देत नाही. दिले तर वाचक त्या एका कंपनीचा दोष मानून पान उलटतील. आज पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात डिलर, टूल विकणारे, मशीन विकणारे, वंगण विकणारे, गाड्या विकणारे असे कितीतरी जण ग्राहकांचे ऑनलाइन समूह चालवतात. त्यांची चर्चा झालीच तर सभासद किती, रोज संदेश किती, त्यातून विक्री किती, एवढ्यावर होते. मला वेगळे म्हणायचे आहे. समुदाय सांभाळणे हे मुळात संपादनाचे काम आहे. कंपन्या संपादकाचा अधिकार ज्याच्या हाती देतात त्याला संपादकाचे नाव नसते, पगार नसतो आणि मालकाला ‘नाही’ म्हणायची सोयही नसते. त्यामुळे समूहातली सर्वांत उपयोगी गोष्ट, म्हणजे तक्रार, सर्वांत आधी पुसली जाते.

गुरुवारची सुट्टी आणि शुक्रवारचा वास

मी संशोधक म्हणून शिकलेला नाही. आयटीआयमधून टर्नर झालो, भोसरीतल्या लहान शॉपमध्ये लेथवर उभा राहिलो, पुढे बरीच वर्षे तपासणी विभागात गेज आणि मायक्रोमीटर हाताळले. वाचन ग्रंथालयांतून केले. त्यामुळे या विषयाकडे मी पुस्तकातून आलो नाही, टाकीतून आलो. मशीनखालच्या कूलंटच्या टाकीतून.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. धातू कापताना हत्यार आणि जॉब दोन्ही तापतात. त्यांच्यावर दुधासारखे पांढरे पाणी सतत सोडलेले असते, ते कूलंट. मूळ तेल घट्ट असते. ते पाण्यात मिसळून वापरायचे. प्रमाण साधारण शंभराला पाच ते आठ. नेहमी पाण्यात तेल ओतायचे, तेलात पाणी नाही. उलटे केले की मिश्रण नीट जमत नाही. बोअरचे जड पाणी वापरले तर ते फाटते. मशीनच्या सरकपट्ट्यांचे तेल गळून वर तवंग धरते, खाली हवा पोचत नाही आणि जंतू वाढतात. आमच्या पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारी. दिवसभर पंप बंद, पाणी साचलेले. शुक्रवारी सकाळी शटर उघडले की सडक्या अंड्यांचा वास येतो. परदेशी पुस्तकांत याला सोमवारचा वास म्हणतात. भोसरीत तो शुक्रवारी येतो.

२०१९ मध्ये कंपनीच्या सेल्स इंजिनियरने हा समूह काढला आणि माझा अनुभव पाहून मला ॲडमिन केले. मोबदला काही नाही. कधी एखादा डबा फुकट, दिवाळीला मिठाईचा बॉक्स आणि कंपनीचे कॅलेंडर. मला ते पुरेसे वाटले. खोटे कशाला बोलू, मान वाटला. ‘साहेब, जरा बघा ना’ म्हणून दहा-दहा मशीनचे मालक फोन करत होते.

समूह खरोखर चांगला चालला. २०२० च्या टाळेबंदीत शॉप बंद पडली तेव्हा कित्येक टाक्या आठवडेच्या आठवडे भरलेल्या राहिल्या. परत सुरू करायच्या वेळी टाकी रिकामी कशी करायची, पाइपांमधली घाण कशी काढायची, जुन्या पाण्याची विल्हेवाट कोण लावतो, हे सगळे लोकांनी एकमेकांना सांगितले. तळवड्याच्या एका मालकाने माशांच्या काचपेटीत हवा सोडायचा छोटा पंप सुट्टीच्या दिवशी टाकीत लावून वास कमी केला आणि त्याचा व्हिडिओ टाकला. दुसऱ्याने तवंग काढायला घरच्या घरी पट्टा-यंत्र बनवले. हे ज्ञान कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नव्हते. ते लोकांकडे सुटे सुटे होते. समूहाने ते एका जागी आणले.

दसऱ्याआधी खंडेनवमीला प्रत्येक जण झेंडू वाहिलेल्या आपल्या मशीनचा फोटो टाकायचा. त्या दिवशी समूहाकडे पाहून वाटायचे, हा खरोखर समुदाय आहे.

‘परिवार’ या शब्दाची चिकित्सा

समूहाच्या नावात कंपनीचे नाव होते आणि पुढे ‘परिवार’ हा शब्द. असे असंख्य परिवार आपल्याकडे आहेत. बँकेचा परिवार, पतसंस्थेचा परिवार, गाडी घेणाऱ्यांचा परिवार. शब्द गोड आहे म्हणून त्याची कोणी छाननी करत नाही. ती करायला हवी.

परिवारात वडीलधाऱ्याची चूक चारचौघांत बोलायची नसते. भांडण घरात मिटवायचे, बाहेर वाच्यता नको, ही परिवाराची रीत. ग्राहकांच्या समूहाला परिवार म्हटले की ही रीत आपोआप आत शिरते. मग तक्रार करणारा ग्राहक उरत नाही, तो घर फोडणारा ठरतो. त्या शुक्रवारी ‘असले फोटो ग्रुपवर नकोत’ असे मी लिहिले तेव्हा मला कोणी तसे लिहायला सांगितले नव्हते. कंपनीच्या साहेबांचा फोनही आला नव्हता. ते वाक्य नावानेच माझ्याकडून लिहवून घेतले.

मराठीत माणसे एकत्र येण्यासाठी परिवाराखेरीज दुसरे शब्द होते. मंडळ होते, भिशी होती, सोसायटी होती. गणेश मंडळाला वर्गणी देणारा माणूस हिशेब विचारू शकतो, वर्षाचा जमाखर्च मंडपात फलकावर लागतो, अध्यक्ष बदलतो. भिशीत कोणाचा नंबर कधी, हे सगळ्यांसमोर ठरते. या व्यवस्था निर्दोष नाहीत, मंडळांमधली भांडणे कोणाला ठाऊक नाहीत? पण भांडायचा हक्क त्यांत गृहीत धरलेला असतो. ‘परिवार’ तो हक्क काढून घेतो आणि बदल्यात शुभप्रभातची फुले देतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो. ॲडमिनने काहीच पुसू नये, असे माझे म्हणणे नाही. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सेल्समन घुसून दरपत्रके टाकत, निवडणुकीत पक्षांचे व्हिडिओ येत, कोणीतरी कोणाच्या आईवरून बोले. ते पुसावेच लागते. लोकांची बैठक चालवणाऱ्याला हे करावे लागते आणि ते कष्टाचे काम आहे. प्रश्न पुसण्याचा नाही. कशासाठी पुसले, कोणाच्या बाजूने पुसले आणि त्याचा जाब कोणाला द्यायचा, हा प्रश्न आहे.

टाकीत काय सापडले

समूह सोडून गेलेल्या त्या मालकांकडे मी पंधरा दिवसांनी गेलो. भोसरीच्या एस ब्लॉकमध्ये दोन व्हीएमसी, एक सीएनसी लेथ आणि मागे एक जुनी मिलिंग मशीन, एवढे त्यांचे शॉप. पोरगा लातूरकडचा. तो गावी गेला होता. परत येईल की नाही, मालकांना माहीत नव्हते. ते माझ्यावर रागावले नाहीत, चहा मागवला. याचाच मला जास्त त्रास झाला.

मी सोबत रिफ्रॅक्टोमीटर नेला होता. काचेवर दोन थेंब टाकून डोळ्याला लावायचे आणि आकडा वाचायचा. कंपनीने दिलेल्या गुणकाने गुणले की प्रमाण कळते. त्या टाकीत प्रमाण सांगितल्याच्या जवळपास दुप्पट होते. कारण साधे. उन्हाळाभर पाणी वाफ होऊन उडत राहिले, तेल मागे राहिले. पातळी खाली गेली की पोरगा डब्यातले घट्ट तेल अंदाजाने थेट टाकीत ओतायचा, कारण ‘जास्त घातले की फिनिश चांगला येतो’ असे त्याला आधीच्या शॉपमध्ये कोणीतरी शिकवले होते. त्यात दिवसभर हात ओले. अशा घट्ट, अल्कलीयुक्त पाण्यात हात राहिले तर कातडीवरचे नैसर्गिक तेल निघून जाते, पुढे पुरळ आणि चिरा येतात. धातूकामातला हा जुना, जगभर माहीत असलेला आजार आहे.

म्हणजे कूलंटमध्ये खोट नव्हती आणि पोरगाही खोटे बोलत नव्हता. छायाचित्र समूहात राहिले असते, तर दिवसभरात कोणीतरी ‘प्रमाण मोजलं का?’ असे विचारलेच असते. दुसरा कोणी ‘हातमोजे घाला’ म्हणाला असता आणि तिसऱ्याने त्याला थांबवले असते, कारण फिरत्या चकजवळ हातमोजा म्हणजे हात ओढला जाण्याची भीती. आणखी चार शॉपमध्ये आकडे मोजले गेले असते. मी तक्रार पुसली आणि तिच्यासोबत कंपनीचा बचावही पुसला.

त्याहून गंभीर गोष्ट मला नंतर वाचनात आली. रसायनांच्या संपर्काने होणारा त्वचारोग तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत होता. कायद्याच्या कक्षेतल्या कारखान्यात असा रोग झाला तर कलम ८९ नुसार व्यवस्थापकाने तो शासनाला कळवायचा असे. पाच-सात माणसांची शॉप त्या कक्षेत येत नसत. म्हणजे जिथे निरीक्षक पोचत नाही, नोंदवही नाही, डॉक्टर नाही, तिथे त्या हातांची नोंद व्हायला एकच जागा होती : तो समूह. ती नोंद मी ‘नकारात्मक मजकूर’ समजून काढली.

शंभर वर्षांपूर्वीचा एक ग्राहक-समुदाय

कंपनीने ग्राहकांचा समुदाय बांधण्याची कल्पना मोबाइलसोबत आली, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत जॉन डिअर या नांगर बनवणाऱ्या कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक काढले. ते आजही निघते. मराठीत या कामाचे सर्वांत मोठे उदाहरणही नांगराच्याच कारखान्यातून आले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि सुरुवातीचा नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. तेव्हा ग्राहकाशी बोलत राहणे ही त्या कारखान्याची गरजच होती. १९२० मध्ये तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे मराठी वाचकांचे शंवाकि. सुरुवातीला ते नावाप्रमाणे कारखान्याचे खबरपत्र होते. १९२९ मध्ये ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आले आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. नांगर विकणाऱ्या कारखान्यातून मराठी मध्यमवर्गाचे विचारविश्व घडवणारी तीन मासिके उभी राहिली.

हे कशामुळे झाले? त्यात नांगराच्या तक्रारी छापून येत, असा माझा दावा नाही. ते मालकाच्या घरचे मासिक होते आणि त्याने कारखान्याचे नाव मोठे केले, हेही उघड आहे. तरीही एक फरक निर्णायक आहे. ते मासिक संपादकाच्या हाती होते. अंकावर त्याचे नाव असे. काय छापायचे याचा निर्णय तो घेई आणि वाचक त्या निर्णयाबद्दल त्यालाच जाब विचारू शके. त्याने वाचकाला गिऱ्हाईक मानून फक्त गोंजारले नाही. सावरकरांचे पोथीनिष्ठेवर कोरडे ओढणारे विज्ञाननिष्ठ लेख ‘किर्लोस्कर’ने छापले. ज्यांना माल विकायचा त्यांच्याच श्रद्धांना धक्का देणारा मजकूर छापायला धंद्याचा हिशेब सहसा परवानगी देत नाही. संपादकाचा हिशेब देतो.

आपण ज्या दिवाळी अंकांच्या परंपरेत आहोत तिच्याकडेही याच नजरेने पाहता येईल. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे अंक जाहिरातींच्या आधाराने उभे आहेत. सराफ, बँका, तेल-साबण, कारखाने नसते तर ही परंपरा टिकली नसती. पण जाहिरातीचे पान आणि लेखाचे पान यांच्यामध्ये संपादक उभा असतो. तो कधी वाकतो, कधी मोडतो, हे आपण पाहिले आहे. पण तो वाकला, हे म्हणता येते, कारण तिथे कोणीतरी उभे असायला हवे हे सर्वांना मान्य आहे. कंपनीच्या समूहात ती जागाच नाही.

फुकटचे काम

‘समूह चालवणे हे कुठे काम आहे? मोबाइल तर हातात असतोच’ असे मला घरीही ऐकावे लागले. या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतल्या एका खटल्यात आहे. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात अमेरिका ऑनलाइन ही मोठी कंपनी हजारो स्वयंसेवकांकडून आपली संवाद-दालने सांभाळून घेत असे. नवख्यांना मदत करायची, शिवीगाळ काढायची, चर्चा चालू ठेवायची. त्यांना प्रशिक्षण होते, पाळ्या होत्या, तासांचा हिशेब द्यावा लागे. मोबदला म्हणून फुकट किंवा सवलतीची जोडणी मिळे. १९९९ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला की हे स्वयंसेवन नाही, नोकरी आहे, आणि किमान वेतनाचा कायदा आम्हाला लागू करा. दावा दहा वर्षांहून अधिक चालला आणि २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. फुकट जोडणी आणि माझा फुकटचा डबा यांत मला फारसा फरक दिसत नाही.

मी ते छायाचित्र पुसले त्याच वर्षी, २०२३ च्या जूनमध्ये, रेडिट या संकेतस्थळाच्या बिनपगारी चालकांनी कंपनीच्या नव्या शुल्काविरोधात आपापले हजारो समूह काही काळ बंद ठेवले. कामगारी भाषेत, त्यांनी हत्यार खाली ठेवले.

आमच्या पट्ट्याला ही भाषा नवी नाही. २०१३ च्या पावसाळ्यात बजाज ऑटोच्या चाकणच्या कामगारांनी सुमारे पन्नास दिवस संप केला, तेव्हा त्यांची एक मागणी होती की प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० समभाग एक रुपया दराने मिळावेत. मागणी मान्य झाली नाही. ती योग्य होती की अव्यवहार्य, यावर आजही चहाच्या टपरीवर वाद होतो. पण ‘कंपनी मोठी करण्यात आमचा वाटा किती?’ हा प्रश्न या पट्ट्याने उघडपणे विचारला होता. समूहाच्या ॲडमिनला तो कधी सुचत नाही, कारण तो स्वतःला कामगार समजत नाही. तो स्वतःला साहेबांचा माणूस समजतो. मीही तसाच होतो.

मुद्दा फक्त पैशांचा नाही. पगारी माणूस निदान म्हणू शकतो की हे माझ्या कामात बसत नाही. फुकट काम करणारा मर्जीवर असतो, आणि मर्जीवरचा माणूस न सांगता पुसतो.

अधिकार आणि जबाबदारी

ॲडमिनच्या जबाबदारीबद्दल आपल्याकडे एक महत्त्वाचा निकाल आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सॲप समूहात सभासदाने महिलेबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकला आणि ॲडमिनने त्याला काढले नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत दाखवल्याशिवाय सभासदाच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. ॲडमिनच्या हाती सभासद घेणे आणि काढणे एवढाच मर्यादित अधिकार असतो, मजकूर येण्याआधी तो अडवू शकत नाही, हा त्यामागचा विचार.

निकाल न्याय्य आहे. पण तो अधिकार नंतर वाढला, हे लक्षात घ्यायला हवे. ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सोय २०१८ पासून होतीच. २०२२ मध्ये दुसऱ्याने टाकलेला संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय ॲडमिनला मिळाली. त्याच वर्षी एका समूहाची मर्यादा २५६ वरून ५१२ आणि मग १,०२४ झाली, आणि अनेक समूह एका छत्राखाली बांधायची ‘कम्युनिटी’ ही व्यवस्था आली. अधिकार वाढत गेला, माणसे वाढत गेली, जबाबदारी जिथे होती तिथेच राहिली. कायद्याने मला कोणी विचारणार नाही. कंपनी विचारणार नाही, कारण मी तिच्याच सोयीचे केले. आणि ज्याने विचारायला हवे होते तो समूह सोडून गेलेला.

काय करता येईल

टीका करून थांबणे सोपे असते. चार वर्षे ॲडमिन राहिलेल्या माणसाने काही सुचवायलाही हवे.

पहिले, समूह चालवणाऱ्याचे नाव, त्याचे कंपनीशी नाते आणि त्याला मिळणारा मोबदला सभासदांना माहीत असावा. डबा मिळत असेल तर डबा मिळतो म्हणून सांगावे. दुसरे, काय पुसले जाईल याचे नियम आधी लिहून ठेवावेत आणि पुसल्यावर कारण समूहातच द्यावे. तिसरे, कंपनीच्या मालाबद्दलची तक्रार कधीही पुसू नये. ठरावीक दिवसांत कंपनीच्या जाणकार माणसाने तिथेच, सर्वांसमोर उत्तर द्यावे. इजा किंवा आजाराची तक्रार असेल तर उत्तर त्याच दिवशी. चौथे, हे काम करणाऱ्याला पगार द्यावा आणि त्याचा वरिष्ठ विक्री विभागातला नसावा. विक्रीचा माणूस वाईट असतो म्हणून नाही. पण महिनाअखेरीचा आकडा डोक्यावर असताना लाल झालेले हात पाहायला कोणालाही जड जाते.

यावर एक आक्षेप येईल. कंपनी समाजसेवेसाठी समूह काढत नाही. उघड्यावर तक्रार राहिली की प्रतिस्पर्धी तिचा फोटो काढून दारोदार फिरवतात. हे खरे आहे, माझ्यासमोर झाले आहे. पण या पट्ट्यातला कोणताही तपासनीस सांगेल की रिजेक्शनची नोंदवही कोरी असणे हे चांगल्या मालाचे लक्षण नाही. तपासणी होत नसल्याचे लक्षण आहे. मोठ्या कंपन्यांचे ऑडिटर आले की कोरी वही पाहून आधी तिथेच थांबतात. तक्रारमुक्त समूह ही तशीच कोरी वही आहे.

मी टाकीतला आकडा आणि त्यावरून मिळालेला धडा लिहून काढला, मालकांची संमती घेतली आणि समूहावर टाकण्यापूर्वी कंपनीच्या साहेबांना दाखवला. ते नीट वाचून म्हणाले, ‘छान लिहिलंय. पण आता विषय थंड झालाय, राहू द्या.’ काही दिवसांनी समूह ‘फक्त ॲडमिन’ करावा, अशी सूचना आली. मी ॲडमिनपद सोडले. समूह अजून आहे. त्यावर सणांच्या शुभेच्छा आणि नवे दर येतात. त्या वर्षीच्या खंडेनवमीला एकाही मशीनचा फोटो आला नाही, कारण टाकताच येत नव्हता.

शुक्रवारचा वास मात्र थांबलेला नाही. आता मालक मला एकेकटे फोन करतात. मी प्रत्येकाला तेच सांगतो : आधी प्रमाण मोजा, वरचा तवंग काढा, सुट्टीच्या दिवशी पंप थोडा वेळ चालू ठेवा, आणि पोराचे हात बघा. जे एकदाच सर्वांना सांगता आले असते, ते मी आता पुन्हा पुन्हा, एकेकाला सांगतो. ज्यांच्याकडे माझा नंबर नाही, त्यांच्या पोरांचे हात कोण बघतो, हे मला माहीत नाही.